डाव्या कानाची खाच

प्रिय प्रेरणा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? ओळखलं असशील तर ते फोडायच्या आधी जरा थांबली असशील, आणि थांबली असशील तर अजून सगळंच काही बिघडलेलं नाही. फोन का नाही केला, असं विचारशील. नंबर तुझ्या आईनं दिलाय. त्यावरचा तुझा फोटोही पाहिला. केस कापलेस, बरे दिसतात. पण फोनवर तू "अगं सत्या, किती वर्षांनी!" म्हणाली असतीस, मी "हो ना गं" म्हणाले असते, आणि "एकदा नक्की भेटू" या वाक्यावर दोघींनी आपापली सुटका करून घेतली असती. मला सुटका नकोय. पत्र वाचता वाचता माणसाला मध्येच मीटिंग लागत नाही, म्हणून पत्र. चहा करून घे आणि शेवटपर्यंत वाच.

आधी माझी खबरबात. मी इथं संभाजीनगरात स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. हसू नकोस. तुमच्या बांधावरच्या बोरीखाली बसून तुझ्याकडून 'ऑरेंज'चं स्पेलिंग पाठ करणारी मीच ती. सिल्लोड, वैजापूर, फुलंब्रीकडची पोरं-पोरी येतात. तलाठी, पोलीस, बँक, जी जागा निघेल तिचा अर्ज भरतात. त्यांना व्याकरणाचा कंटाळा, त्यांना हवे असतात शब्द. मी शब्द सुटे सुटे देत नाही, घराण्यानं देते. एका घरातली माणसं एकदम भेटली की चेहरे लक्षात राहतात, तसं. परवा 'सिम'वाल्या घराण्याची पाळी होती. ग्रीक भाषेत त्या 'सिम'चा अर्थ 'एकत्र' किंवा 'बरोबर'. सिम्बॉल, सिम्बॉलिक, सिम्बायोसिस असे शब्द फळ्यावर लिहिले, आणि त्या शब्दांनी माझं डोकं असं धरलं की अजून सोडलेलं नाही.

सिम्बॉल म्हणजे चिन्ह, हे पोरांना येत होतं. पण पहिल्या बाकावर सायली नावाची एक मुलगी बसते, ती मला सुखानं शिकवू देत नाही. तिनं विचारलं, "मॅडम, साइन म्हणजे पण चिन्हच ना? मग फरक काय?" मी म्हणाले, धूर दिसला की समजायचं आग आहे, ही झाली साइन. धूर आगीतूनच निघतो, त्याला कुणाची मान्यता लागत नाही. सिम्बॉलचं तसं नसतं. त्या वस्तूचं आणि तिच्या अर्थाचं आतून काही नातं नसतं, माणसांनी आपसात ठरवलेलं असतं. पोरांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या कळपातल्या काही मेंढ्यांच्या डाव्या कानाला खाच आहे. ती खाच म्हणजे प्रेरणा." मी म्हणाले, खाचेत प्रेरणा बसलीये का? नाही. दोन माणसांनी ठरवलं म्हणून ती तिथं आहे. दोघांपैकी एकानं मानायचं सोडलं की उरला तो नुसता फाटका कान. परीक्षेत हे कुणी विचारणार नाही, पण पोरांना फरक कळला.

ती खाच कशी पडली ते तुला आठवतं का? मला स्वतःला आठवत नाही, आबांनी इतक्यांदा सांगितलंय की पाहिल्यासारखं वाटतं. आम्ही देवगाव रंगारीकडचे मेंढरंवाले. माघात कळप घेऊन निघायचं, घाट उतरून सोयगावच्या बाजूला यायचं आणि कापूस वेचून झालेल्या तुमच्या शेतात मुक्काम टाकायचा. तू इतकुशी होतीस. निघायच्या दिवशी तू एक काळं कोकरू गळ्याशी धरलंस आणि सोडेचनास. पुंजारामकाका लेकीपुढे विरघळणारे. त्यांनी ते आबांकडून मागून घेतलं आणि कळप पुढे गेला. कोकरानं गोठ्यात नुसता आकांत मांडला. दूध पिईना, चारा हुंगेना, दिवसभर भिंतीकडे तोंड करून ओरडत राहिलं. दुसऱ्या दिवशी काका मोटरसायकलवर, तू मागे आणि तुझ्या मांडीवर ते कोकरू, असे आम्हाला गाठायला आलात. काका म्हणाले, "मल्हारी, ही तुमच्यातच राहू दे. पर हाय आमच्या प्रेरणाची." आबांनी कातर काढली आणि तिच्या डाव्या कानाला खाच पाडली. तिला होतील त्या माद्या तुझ्या, त्यांनाही तीच खाच. नर आबांचे, राखणीचे. एवढाच करार. तू रडलीस ती कान कापला म्हणून, कोकरू गेलं म्हणून नाही, असं आबा अजून हसत हसत सांगतात.

तर सिम्बॉल झाल्यावर मी सिम्बायोसिसवर आले. अर्थ विचारला तर सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "पुण्यातलं कॉलेज!" तू त्याच गावात राहतेस म्हणून मुद्दाम कळवते. मी म्हणाले, कॉलेजच्या आधी तो शब्द जीवशास्त्राचा आहे. तुमच्या घरातल्या काळ्या मसाल्यात दगडफूल पडतं ना, ते एक झाड नव्हेच. शेवाळ आणि बुरशी असे दोन जीव मिळून ते झालेलं असतं. शेवाळ अन्न तयार करतं, बुरशी ओल धरून ठेवते आणि दगडाला चिकटून राहते. नुसत्या डोळ्यांना ते दोन दिसतच नाहीत, एकच दिसतं. दोघांचा फायदा, म्हणून सिम्बायोसिस. आणि मग मोठ्या ऐटीत आमचं उदाहरण दिलं. शेतकऱ्याच्या मोकळ्या शेतात मेंढरं बसतात, कळपाला पऱ्हाटीचा पाला मिळतो, धनगराला धान्य मिळतं आणि शेताला लेंडीखत मिळतं. एक रान सरलं की मेंढरांभोवतीचं जाळं काढून पुढच्या तुकड्यात लावायचं. कुणावर उपकार नाहीत. पोरांना ते पटलं. मला माझंच कौतुक वाटलं.

तेवढ्यात सायलीचा हात वर. मोबाइलवर शब्दकोश उघडून बसलेली. "मॅडम, यात फायद्याबियद्याचं काही नाही. नुसतं 'एकत्र राहणं' असं दिलंय. आणि खाली तीन प्रकार आहेत." मी तिच्या हातातला मोबाइल घेऊन वाचलं. खरंच की गं. मूळ शब्द कुणाच्या भल्याबुऱ्याची हमी देत नाही. दोन जीव लागून लागून जगतात, एवढंच तो सांगतो. त्यातून दोघांचं भलं झालं तर एक प्रकार, एकाचं भलं आणि दुसऱ्याला त्याचं काही नाही तर दुसरा, आणि एकानं दुसऱ्याच्या जिवावर जगायचं तो तिसरा. पोरांपुढे चूक कबूल केली आणि तिन्ही प्रकार फळ्यावर लिहायला घेतले. तिसऱ्यापुढे पॅरासाइट असं लिहिलं, त्याच्यापुढे मराठी अर्थ लिहायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. झाडावर उगवून झाडाचाच रस पिणारं ते काय असतं, ते गावाकडच्या प्रत्येक पोराला माहीत असतं. मागून कुणीतरी म्हणालंच, "बांडगूळ, मॅडम." मी तो शब्द फळ्यावर लिहिला नाही. तास संपला म्हणून सांगितलं. तुला कळलं असेल का ते.

पण तो शब्द कानावर पडला त्या सकाळच्या आधीच्या सकाळीही होत्या, त्या आधी लिहू दे. आम्ही आल्याची वर्दी कुत्री द्यायची, आणि तुझी आई, आमच्या काकू, भाकरी थापायला बसायच्या. माझी आई, तुमची बानाबाई, काठ्या रोवून जाळं बांधायची आणि मधूनच हाक मारायची, "आशाबाई, औंदा मिरची जाळू नका, मागल्या साली ठसक्यानं मेंढरं खोकली!" काकूही काही कमी नव्हत्या. "मेंढरं नाय, तूच खोकली व्हतीस," म्हणायच्या. कोकरांना तुझ्या परसात सावलीला बांधायचं. तू त्यांची हजेरी घ्यायचीस, शाळेतल्या बाईंच्या आवाजात. पुंजारामकाका सकाळी चपला काढून शेतात शिरायचे, मेंढरं बसून उठलेली जागा अनवाणी चालून बघायचे आणि आबांना म्हणायचे, "मऊ झालं बघ." त्या दोन शब्दांसाठी आबा घाट उतरून येत, असं आई चिडवायची. मला तेव्हा कुणी विचारलं असतं की तुमचं घर कुठं, तर मी देवगावच्या बरोबरीनं तुमचं शेत सांगितलं असतं. आजही थोडं तसंच आहे.

मग आपण नववीत असतानाचा तो शिमगा. काकूंच्या पोटाचं ऑपरेशन निघालं म्हणून पुंजारामकाका त्यांना घेऊन इकडे घाटी दवाखान्यात आले होते. आमच्यासाठी ज्वारीची पोती आधीच काढून ठेवलेली. तू घरी, जेवायला सांडूकाकांकडे. त्या वर्षी दोघा भावांची वाटणी झाली होती. लिंबाच्या झाडाचं वरचं शेत सांडूकाकांना गेलं होतं आणि नाल्याकडचं खालचं तुम्हाला. बांध अजून पडला नव्हता, नुसते दगड ठेवलेले, तेही पऱ्हाट्यांत झाकलेले. आबांना यातलं काय ठाऊक असणार? ते वर्षानुवर्षं लिंबापासून सुरुवात करत आले होते, त्यांनी लिंबापासून सुरुवात केली. मी आश्रमशाळेच्या सुट्टीत आलेले. आल्या आल्या आपण दोघी बोरीकडे पळालो. सांडूकाका रोज दगडापाशी येऊन उभे राहायचे, मिशीत हसायचे आणि काही बोलायचे नाहीत. फुकटचं खत कुणाला नको असतं?

काका दवाखान्यातून परतले तेव्हा वरचं शेत सगळं बसून झालं होतं. दुखणाईत बायको, वाटणीचा राग ताजा, आणि आपल्या ज्वारीवर भावाचं शेत मऊ झालेलं. अंगणात सगळ्यांसमोर त्यांनी आबांना फैलावर घेतलं. सांडूनं किती दिलं ते सांग म्हणाले. आबा म्हणत राहिले, "दादा, मला कुनी सांगितलंच नाय." तेव्हा काका तो शब्द बोलले. "बांडगुळं हाव तुमी. माझ्या झाडावर जगायचं अन् सावली सांडूला द्यायची, व्हय?" तू दारात उभी होतीस, पाण्याचा तांब्या हातात, नजर पायाच्या अंगठ्यावर. मला वाटलं, वडलांची लाज वाटतेय तुला. आबांनी ज्वारीची पोती ओसरीवर परत नेऊन ठेवली, जाळं गुंडाळलं, घोड्यावर बिऱ्हाड लादलं, आणि दुपार व्हायच्या आत आम्ही नाला ओलांडला. मी मागे वळून बघितलं होतं. तू नव्हतीस.

त्यानंतर आम्ही नाल्याच्या पलीकडे दुसऱ्यांच्या रानात बसलो, पण तुमच्या वाटेला गेलो नाही. पुढल्या साली कोकरं झाली आणि आबांनी कातर काढली. खाचेच्या मेंढीची मादी पुढ्यात घेतली आणि डावा कान धरला. मी भडकले. माझा स्वभाव तुला माहीत आहे. म्हणाले, त्यांनी तुम्हाला काय म्हटलं ते विसरलात? त्यांच्या पोरीची खूण अजून कापताय? आबांनी खाच पुरी केली, कानाला हळद लावली, मग म्हणाले, "शबुद पुंजारामाचा व्हता. मेंढी पोरीची हाय. ह्याचं त्याला लावू नाय." त्या दिवसापासून दरसाल भांडून बघितलं, दरसाल हेच उत्तर. आज आमच्या कळपात फिरलीस तर खाचेचे कान जिकडेतिकडे दिसतील. मूळची ती काळी कधीच गेली, पण तिच्या लेकी, नाती, पणत्या आहेत. एकीलाही आबांनी कधी बाजार दाखवला नाही. अडचणी आल्या तेव्हा आपल्या विकल्या.

आता इथल्या शहागंज बाजारातली गोष्ट. वर्गात फजिती झाली त्याच आठवड्यात मी तिथं मसाल्याच्या गल्लीत गेले होते. तासाला दाखवायला थोडं दगडफूल घ्यावं म्हटलं. दुकानापुढे एक बाई डोक्यावर पदर घेऊन दगडफूल नाकाशी धरून उभी, आणि दुकानदाराला सुनावत होती, "चाचा, ये पुराना है, इसमें वास नाय." आवाजावरून ओळखलं. काकू! डोळे तपासायला बहिणीकडे आल्या होत्या. त्यांनी मला ओळखायला क्षणभर घेतला, आणि मग भर बाजारात गळ्यात पडून रडल्या. चाचांनी बिचाऱ्यांनी स्टूल दिलं. काका गेल्याचं मला तिथं कळलं, प्रेरणा. मागच्या पावसाळ्यात गेले आणि आम्हाला इतक्या महिन्यांनी कळतंय. आबांना सांगितलं तेव्हा ते उठून मेंढरांत जाऊन बसले. रागावलेल्या माणसालाही इतकं रडू येतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

स्टुलावर बसून काकूंनी सगळं सांगितलं, मी न विचारता. "घाटीत निघायच्या येळी तुझ्या काकानं पोरीला बजावलं व्हतं, मल्हारी आला की त्याला खालचं शेत दाव म्हणून. पोर इसरली. बाप वरडत व्हता तवा तिच्या तोंडातून शबुद फुटंना. तुमी गेल्यावर रडत रडत तिनंच सांगितलं. मग काय करता? गडी मानूस. मागं कसं जावं, म्हनले." आणि पुढं म्हणाल्या, की तेव्हापासून जाईपर्यंत काकांनी दर शिमग्याला खालचं शेत मोकळं ठेवलं. उन्हाळी पीक घेतलं नाही, पऱ्हाट्या उपटल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, रानाला जरा इसावा पायजे. वाट बघत होते ते. आणि आम्ही एक नाला ओलांडून पलीकडे बसलो होतो.

तेव्हा तुझी मान का खाली होती ते मला आता कळलं. आणि माझ्या आश्रमशाळेच्या पत्त्यावर तू कधीच का लिहिलं नाहीस, तेही. एक गोष्ट स्पष्ट लिहिते, ती दोनदा वाच. माझा तुझ्यावर राग नाही. आई दवाखान्यात असलेली ती शाळकरी पोर होती, तिची मैत्रीण वर्षानं भेटली आणि ती बोरीकडे पळाली. त्यात गुन्हा कसला? आबांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग तर तिचं काहीच नाय. शेताची वाटनी हुती, ती मोठ्यानं सांगायची, पोरानं नाय." तेव्हा ते ओझं आता उतरव. तू ते फार दिवस वाहिलंस, आणि त्या ओझ्यापायी मला माझ्या मैत्रिणीला मुकावं लागलं, याचा मात्र मला राग आहे. तो समोरासमोर काढीन.

काकूंकडून हेही कळलं की खालचं शेत आता तुझ्या नावावर आहे. तू त्याला तारेचं कुंपण घातलंस, लोखंडी गेट बसवलंस. माती तपासून आणलीस तर तिच्यात जीव उरलेला नाही असं निघालं, आणि तू म्हणतेस की विकून टाकू. काकू म्हणाल्या, "चोपन झालंय गं, ढेकूळ फोडलं तर दगडासारखं." हे सांगून त्यांनी कमरेच्या पिशवीतून गेटची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "मल्हारीला म्हनावं, उघड अन् बसव. तुझ्या काकाची इच्छा व्हती."

मी किल्ली परत दिली. काकूंना वाईट वाटलं, पण तुला सांगते ते नीट ऐक. शेत तुझं आहे. तू पुण्यात आणि आम्ही तुझ्या माघारी तुझ्या आईच्या किल्लीनं आत शिरायचं, म्हणजे न सांगितलेल्या शेतात पुन्हा कळप बसवायचा. एकदा झालं तेवढं पुरे. वर्गात पोरांना शिकवलं ना मी, खूण दोघांनी मानावी लागते. आबांनी त्यांचा वाटा इतकी वर्षं कातरीनं चालवला. दुसरा वाटा काकांकडे होता, तो आता तुझ्याकडे आलाय.

आणि वेळ थोडा आहे. आबांचे गुडघे गेले, घाट उतरणं त्यांना आता जमत नाही. कळप माझा भाऊ हनुमान सांभाळतो, मन लावून सांभाळतो, त्याला दुसरं काही करायचंही नाही. पण बसायला जागा उरली नाही. पलीकडच्या रानात केळी आल्या, ठिबकच्या नळ्या आल्या, मेंढरू नळी तुडवील म्हणून लोक शिवारात पाय ठेवू देत नाहीत. गेल्या साली रस्त्याच्या कडेनं दिवस काढले. एक हक्काचं शेत असलं, तिथं कळप बसलेला दिसला, की आजूबाजूचे आपण होऊन बोलावतात, हे तू लहानपणी पाहिलंयस. ते एक शेतच नाही. म्हणून आबांनी एका व्यापाऱ्याला कळप दाखवून ठेवला होता. "यंदा उतरायला जागा नसंल तर माघ पुनवेला देऊन टाकू," म्हणाले. सगळा कळप, फक्त खाचेच्या सोडून. त्या विकायचा आपल्याला हक्क नाही म्हणे. मग त्यांचं काय करायचं विचारलं, तर उत्तर नव्हतं त्यांच्याकडे.

माझ्याकडे होतं. मी त्या व्यापाऱ्याला फोन करून नको म्हणून सांगून टाकलं. आबांना सांगितलं, शेत आहे. त्यांनी कोणतं विचारलं, मी म्हणाले, प्रेरणाचं. आबा "तिनं बोलावलं?" म्हणाले. मी म्हणाले, बोलावेल. माझा हा आगाऊपणा तुला खटकेल, खटकू दे. क्लासमधून मी रजा काढलीये. सायलीला शब्दांची पुढची दोन घराणी शिकवायला सांगितली आहेत, ती माझ्यापेक्षा बरी शिकवेल. मी आणि हनुमान कळप घेऊन घाट उतरणार. तू हे पत्र वाचत असशील तेव्हा आम्ही वाटेला लागलेलो असू.

अजून एक शब्द राहिला, सिम्बॉलिक. वर्तमानपत्रात लाक्षणिक उपोषण असतं ना, सकाळी बसायचं आणि संध्याकाळी लिंबूपाणी पिऊन उठायचं, तसलं मला काही नको. तू यावंस, मेंढीबरोबर फोटो काढावास, जुन्या आठवणींनी डोळे पुसावेत आणि परत जावंस, याच्यासाठी मी एवढी पानं लिहिलेली नाहीत. मला खरा मुक्काम हवाय, जाळं रोवून, जुन्या रिवाजानं. तुझं रान मऊ होईल आणि तू ठरलं ते धान्य देशील. फुकट आम्ही बसत नाही आणि फुकट कुणाला बसवून घेऊ देत नाही. फळ्यावर मी तीन प्रकार लिहिले होते आणि तिसऱ्याचा अर्थ लिहायचा राहिला. परत आल्यावर तो लिहीन, मोठ्या अक्षरात, आणि पहिल्या प्रकारापुढे आपल्या शेताचं उदाहरण देईन. तेव्हा सायलीला हात वर करायला जागा राहू नये, एवढंच मला बघायचंय.

तर आता मुद्द्याचं. होळीच्या आधी आम्ही तुझ्या गेटपाशी येऊ. किल्ली काकूंकडे आहे, पण कुलूप तू येऊन काढायचंस, तुझ्या हातानं. आबांच्या मेंढरांना तू नाही म्हणू शकतेस. शेत तुझं, हक्क तुझा, आम्ही एक शब्द न बोलता वळू, याआधीही वळलोय. पण डाव्या कानाला खाच असलेल्या मेंढ्या तुझ्याच आहेत, प्रेरणा. त्यांना मी त्यांच्या मालकिणीच्या शेतापाशी आणून सोडतेय. त्यांना आत घे. मात्र त्या एकट्या आत यायच्या नाहीत, सगळा कळप आत गेला तरच जातील. तुला हे मी काय सांगायचं? तू एकदा एकटी ठेवून पाहिली होतीस.

कुलूप निघेपर्यंत गेटबाहेर, आणि निघाल्यावरही,
तुझीच
सत्या